नागपूरले बाबाची सीटी अँजिओ केली, आमचा अनुभव
बाबाले फवारणीचा पंप पाठीवर घेतला की छातीत भरून याचं, म्हणून नागपूरच्या एका सेंटरवर सीटी अँजिओले (मशीनमधी हृदयाच्या नसाचे फोटो काढते ते) नेलं. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाह्यलं, ठोके ८२ होते तर गोळी देऊन तासभर बसवलं, ६० च्या जवळ आले तेव्हाच मशीनमधी घेतलं, जोरात असले की फोटो हालते म्हणे. जिभेखाली नसा रुंद करायचा स्प्रे, हाताच्या शिरेतून आयोडीनचा डाय (नसा फोटोत दिसाव्या म्हणून), बाबा म्हणे अंगभर गरम पाणी सोडल्यासारखं वाटलं. श्वास धरा म्हटलं तर हे बिडीवाले, प्रॅक्टिसमधीच दोनदा सुटला 😀 अ‍ॅडमिट नाही, संध्याकाळच्या यष्टीनं घरी. पण ब्लॉक निघाला तर स्टेंटसाठी (नस उघडी ठेवाची जाळी) नळीवाली अँजिओ, म्हणजे हातातून नाहीतर मांडीतून नळी घालून, करावीच लागते हे काउंटरवर कोणी सांगतलं नाही, अन् फोटोच्या सीडीचे पैसे वेगळे, हे काही पटलं नाही बा.