पार्किंगच्या शटरला बसवलेली मोटर: दहा महिन्यांनंतर

नागपुरातल्या मानेवाड्यातील आमच्या घराच्या पार्किंगला दहा बाय आठ फुटांचे लोखंडी शटर आहे. ते हाताने उचलणे वडिलांना जमेनासे झाले, तेव्हा गेल्या जुलैत आम्ही त्याला रिमोटवर चालणारी, 300 किलो क्षमतेची साइड मोटर (शटरच्या एका बाजूला बसणारी) बसवून घेतली. मोटरीबद्दल माझी तक्रार नाही. ती बसवून देणाऱ्यांबद्दल मात्र आहे.

हाताने उचलायच्या शटरचे वजन वरच्या पाइपातील स्प्रिंगा तोलून धरतात. आमच्याकडे त्या काढून टाकण्यात आल्या आणि सगळा भार मोटरीवर व तिच्या ब्रेकवर आला. असे असताना कारागीर मोटरीची प्लेट साध्या विटांच्या भिंतीत बोल्टने बसवायला निघाले होते. मी हट्ट धरला म्हणून ती काँक्रीटच्या कॉलमवर गेली. शटर ठरलेल्या जागी पोहोचले की मोटरीची वीज तोडणारे लिमिटही घाईत लावलेले होते. शटर जमिनीला टेकल्यावरही मोटर क्षणभर फिरत राही, पट्ट्या ढिल्या पडत आणि गुंडाळताना अडकत. फोन केल्यावर त्यांनी येऊन ते विनाशुल्क नीट करून दिले, हेही सांगायला हवे.

खरी अडचण या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू असताना आली. भर दुपारी वीज गेली, गाडी आत आणि वडिलांची दवाखान्याची वेळ झालेली. अशा वेळी शटर उघडण्यासाठी मोटरीला हाताने ओढायची साखळी असते, पण ती कारागिरांनी दिसायला बरे म्हणून वर गुंडाळून तारेने बांधून ठेवली होती आणि ती कशी वापरायची हे कोणालाही दाखवले नव्हते. स्टुलावर चढून, घामाघूम होत मी ती सोडवली. मध्येच वीज आली तर मोटर सुरू होऊ नये म्हणून आधी एमसीबी खाली पाडला आणि मग एका बाजूची साखळी ओढत गेलो. दुसरी बाजू ओढली की शटर खाली येते. जोर फारसा लागत नाही, वेळ मात्र लागतो. लिमिट फक्त वीज तोडते, हात थांबवत नाही. त्यामुळे शटर कुठवर न्यायचे याची खूण मी आता पट्टीवर ऑइलपेंटने केली आहे.

आणखी एक, उन्हाळ्यात लागोपाठ चार-पाच वेळा वर-खाली केले की मोटर तापून आपोआप बंद पडते. ती बिघडलेली नसते, थंड झाल्यावर चालते.

आमच्या पार्किंगला स्वयंपाकघराकडून दुसरे दार आहे, म्हणून साखळीपर्यंत पोहोचता तरी आले. ज्यांच्याकडे शटर हाच एकमेव रस्ता आहे, त्यांनी बाहेरून उघडण्याची सोय किंवा बॅटरी बॅकअप यांचा दर आधीच विचारावा आणि कारागीर निघण्यापूर्वी मेन स्विच बंद करून, घरातल्या प्रत्येकाकडून ते एकदा उघडून घ्यावे.