बारा अंडी की एक बाग?

ईस्टर म्हणजे ससा आणि चॉकलेट एवढंच नाही, हे मुलांपर्यंत पोचवायचं ठरवलं की बोलणं बहुतेक दोन गोष्टींवर येऊन थांबतं: पुनरुत्थानाची बारा अंडी (येशूच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट सांगणारी एकेक वस्तू आत ठेवलेली खेळण्यातली अंडी) किंवा येशूच्या कबरेची छोटी बाग. आम्ही तीन वर्षं अंडी उघडली, गेली तीन वर्षं बाग लावतो. सुरुवातीला थोरला सहा वर्षांचा होता, धाकटी चारची.

तिसरा एक प्रकारही एकदा करून पाहिला. मार्शमॅलो कणकेत गुंडाळून भाजायचे, ते विरघळून आत पोकळी राहते, तीच रिकामी कबर. आमचे पाव फुटले, मार्शमॅलो ट्रेभर पसरलं आणि गोष्ट तिथेच राहिली. चवीला मात्र छान होतं.

अंड्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. गाढव, चांदीची नाणी, प्याला, काट्यांचा मुगूट अशी एकेक वस्तू हातात आली की चार वर्षांचं मूलही गोष्ट धरून ठेवतं. सांगणाऱ्याला बायबल पाठ असावं लागत नाही, वचनाची चिठ्ठी सोबत असते. बारावं अंडं उघडल्यावर आत काहीच नसतं, ती युक्ती पहिल्या वर्षी तरी मोठ्यांच्याही अंगावर काटा आणते. ‘अंडी आपल्या ख्रिस्ती परंपरेतली नव्हेत’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. पण १६१४च्या रोमन कॅथलिक विधिग्रंथात ईस्टरच्या अंड्यांवर आशीर्वादाची प्रार्थना आहे आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्या लाल अंडी ख्रिस्ताच्या रक्ताची खूण मानतात. त्यामुळे त्या वादात मी पडत नाही.

माझं बिनसलं ते दिवसांच्या हिशेबावरून. रोज एक अंडं उघडून बारावं ईस्टरला यायचं, तर पहिलं उघडतं झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आधीच्या बुधवारी. म्हणजे येशू गाढवावर बसून यरुशलेमेत यायच्या चार दिवस आधी आमच्या घरी गाढव हजर. खुद्द झावळ्यांच्या रविवारी मुलं ‘होसान्ना’ म्हणत, झावळ्या हलवत घरी आली आणि पाचव्या अंड्यातून निघाला चाबूक. मंगळवारी खिळे. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दहावं अंडं, त्यात प्रेताला गुंडाळायचं तागाचं कापड. त्या दिवशी उपासनेहून परतताना धाकटीने विचारलं, “बाबा, तो तर मंगळवारीच मेला ना? आज परत कसा मेला?” मी रस्ताभर काहीबाही सांगत राहिलो, पण प्रश्न तिचा बरोबर होता.

पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. प्रत्येक अंडं ज्या-त्या दिवशीच उघडायचं. रविवारी गाढव, बुधवारी नाणी, गुरुवारी प्याला आणि प्रार्थनेचे हात. रिकामं सोडून उरलेली सात शुक्रवारी! एका बैठकीत सात अंडी म्हटल्यावर चौथ्यापासून कोणी ऐकेना. येशूचा झगा कोणाला मिळावा म्हणून शिपायांनी टाकलेला फासा हाती लागताच दोघांनी सापशिडीचा पट काढला. तिसऱ्या वर्षी तर कशात काय आहे हे दोघांना पाठ होतं, त्यामुळे भांडण फक्त रिकामं अंडं कोणी उघडायचं यावर. संच वेगळा असेल तर क्रम थोडा इकडेतिकडे होईल, पण बाराचा हिशेब आठवड्यात बसवायला कुठेतरी ओढाताण होणारच.

बागेला हा त्रास नाही. पसरट ट्रेमध्ये माती, आडवी पुरलेली लहान कुंडी म्हणजे कबर, तिच्या तोंडाशी एक धोंड, मागे काटक्यांचे तीन वधस्तंभ. बहुतेक जण गवताचं बी टाकतात, ते उगवायला एक ते दोन आठवडे घेतं. आम्ही गहू पेरतो. पहिल्या वर्षी पंधरा दिवस आधी पेरला, तर ईस्टरपर्यंत पाती वीतभर वाढून आडवी झाली आणि कबर शोधावी लागली. आता शनिवारी रात्री दाणे भिजत घालतो आणि झावळ्यांच्या रविवारी पेरतो. २०२७मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे पेरणी २१ला. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातलं वचन येशूच्या यरुशलेम प्रवेशानंतर लगेचच येतं, त्यामुळे त्या दिवशी वाचायला वेगळं काही शोधावं लागत नाही.

शुक्रवारी कापडात गुंडाळलेली लाकडी बाहुली आत ठेवून धोंड लावतो. शनिवारी काहीच नाही. पहिल्या वर्षी थोरला दोनदा ट्रेपाशी येऊन “आज काय करायचं?” विचारून गेला. “काही नाही, वाट बघायची,” एवढंच मी म्हटलं. अंड्यांमध्ये शनिवारीही उघडायला काहीतरी असतं, हा फरक मला तोवर जाणवलाच नव्हता. रविवारी पहाटे आम्ही दोघं गुपचूप उठून धोंड बाजूला करतो, बाहुली काढून घेतो आणि रुमाल गुंडाळून वेगळा ठेवतो, योहानाने लिहिलंय तसा. मग कबरेपाशी आलेली येशूची शिष्या मरीया मग्दालिया त्याला माळी समजली तो भाग वाचतो. मागच्या वर्षी धाकटी बोटं मातीने बरबटलेली तशीच ठेवून म्हणाली, “बागेतच होती ना ती, मग माळीच वाटणार.”

बागेचे तापही आहेत. पाणी फवारायचं असतं, ओतलं की कबर ढासळते. मुलं दाणे उकरून मोड आलेत का बघतात. त्या आठवड्यात प्रवासाला जाणार असाल, किंवा उजेड येणारी एक खिडकीही नसेल, तर अंडीच बरी. मूल चार-पाच वर्षांचं आणि पहिल्यांदाच गोष्ट ऐकणारं असेल तरीही कदाचित अंडीच. त्याहून लहान असेल तर मात्र त्या चिमुकल्या वस्तू तोंडात जायची भीती. ज्याची-त्याची सोय वेगळी, त्यामुळे आग्रह धरत नाही. पण मुलं शाळेत जाणारी असतील आणि एकच काहीतरी करायचं असेल, तर मी दाणे भिजत घालीन.

अंड्यांचा संच अजून आहे, कोणाची लहान मुलं आली की काढतो. फासा सापशिडीच्या डब्यातून कधीच हरवला, त्यामुळे आमच्याकडे आता दोन अंडी रिकामी निघतात.