लिब्रेऑफिस, सुमात्रा, नॅप्स-टू: टायपिंगच्या दुकानात काही महिने वापरल्यावर

कोर्टासमोरच्या गाळ्यात माझं टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं काम चालतं. मशीन जुनीच आहेत, आय-थ्री, चार जीबी रॅमवाली, एकात आठ आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2016 आणि ऑफिस 2019 दोन्हींचा सपोर्ट संपला, विंडोज 10 चा पण त्याच दिवशी, तेव्हा ठरवलं की आता नव्या ऑफिसचं दरवर्षी भाडं भरत बसण्यापेक्षा फुकटवालं लिब्रेऑफिस एकदा नीट वापरून बघू, म्हणजे फक्त टाकून ठेवायचं नाही, रोजची प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नोटिसा सगळं त्यातच करायचं. तेव्हापासून तेच चालू आहे.

आधीच सांगते, फुकट म्हणजे हलकं असं काही नाही हां. लिब्रेऑफिसचा नुसता सेटअपच साडेतीनशे एमबीच्या आसपास जातो आणि जुन्या हार्डडिस्कवर सकाळी पहिल्यांदा उघडताना चहा मागवून येऊन बसावं इतका वेळ घेतो. एकदा उघडलं की पुढच्या फाइली पटापट उघडतात. ज्या मशीनला एसएसडी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कऐवजी बसणारी वेगवान डिस्क, टाकली तिथे हा प्रश्नच उरला नाही, आणि खरं सांगायचं तर तिथे जुनं ऑफिस पण पळायला लागलं. त्यामुळे कुणी विचारलं की सॉफ्टवेअर बदलू का, तर मी आधी विचारते हार्डडिस्क कुठली आहे.

एसएसडी नसेल तर दोन गोष्टी करा. टूल्स, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये जावा वापरण्याची टिक असते ती काढा, नेहमीच्या टायपिंगला जावा लागत नाही. आणि स्क्रीनवर अक्षरं फाटल्यासारखी दिसली किंवा स्क्रोल करताना अडकलं तर त्याच ऑप्शन्समध्ये व्ह्यू खाली स्किया नावाचा पर्याय आहे, तो सॉफ्टवेअर रेंडरिंगवर टाका नाहीतर बंद करा आणि परत सुरू करा. आमच्या जुन्या ग्राफिक्सवाल्या मशीनला हेच औषध लागू पडलं.

पण सगळ्यात जास्त फरक कशाने पडला तर प्रिंटरने. वर्ड-एक्सेल फाइल उघडताना डीफॉल्ट प्रिंटरला विचारून पानाची मापं घेतात, आणि तो प्रिंटर नेटवर्कवर असून बंद असेल तर उत्तराची वाट बघत बसतात, आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर हँग झालं. आमचा नेटवर्कवाला मोठा प्रिंटर दुपारी बंद असायचा आणि नेमकं दुपारीच सगळं रेंगाळायचं. आता विंडोजच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवायचा ही टिक काढून पीडीएफवाला प्रिंटर डीफॉल्ट ठेवलाय, कागदावर काढायचं असेल तेव्हा प्रिंटर निवडतो. पैसा एक नाही लागला.

आता मराठी. ज्यांना फक्त इंग्लिश टाइप करायचंय त्यांनी हा भाग सोडून द्या, पण मराठीवाल्यांनी पहिल्याच दिवशी हे करा नाहीतर चार दिवसात वैतागून परत जाल. लिब्रेऑफिस देवनागरीला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल, या वेगळ्या खात्यात धरतं. इंग्लिशचा फॉन्ट वेगळा, साइज वेगळा, मराठीचा फॉन्ट वेगळा, साइज वेगळा. म्हणजे स्टाइलमध्ये तुम्ही बारा पॉइंट केलं आणि मराठी काही हललीच नाही, असं होतं, कारण तुम्ही इंग्लिशच्या रकान्यात बारा केलेलं असतं. ऑप्शन्समध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये सीटीएल चालू करून भाषा मराठी निवडायची, मग रायटरच्या (लिब्रेऑफिसमधला वर्डसारखा भाग) बेसिक फॉन्ट्स सीटीएल मध्ये आपला फॉन्ट आणि साइज एकदाच ठरवून टाकायचा. बोल्ड पण स्टाइलमध्ये दोन्हीकडे वेगळं द्यावं लागतं. सुरुवातीला डोकं फिरतं, पण नंतर कळतं की द्विभाषिक करारात ही सोयच आहे, इंग्लिश अकराचं आणि मराठी तेराचं ठेवलं की दोन्ही डोळ्याला सारखं दिसतं, आणि प्रत्येक ओळ वेगळी सिलेक्ट करत बसायला नको.

जोडाक्षरांची तक्रार नाही. 2017 च्या 5.3 आवृत्तीपासून अक्षरजुळणी हार्फबझ नावाच्या इंजिनवर आहे, विंडोजवर आणि लिनक्सवर सारखंच दिसतं. युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) फॉन्ट असला की 'ऱ्या', 'ष्ट्य' सगळं नीट.

युनिकोड नसलेल्या जुन्या फाइली मात्र डोकेदुखी आहेत. वकीलसाहेबांकडे वीस-वीस वर्षांच्या दाव्यांचे नमुने श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये. फॉन्ट मशीनवर असला तर ठीक, नाहीतर इंग्लिश अक्षरांची खिचडी दिसते. यात लिब्रेऑफिसचा दोष नाही, कुठल्याही ऑफिसमध्ये हेच होणार. कन्व्हर्टरने युनिकोड करून घेतो, पण रफार आणि 'करणाऱ्या', 'येणाऱ्या' सारखे शब्द हमखास मोडतात, ते फाइंड-रिप्लेसने एकदम दुरुस्त करतो आणि तरी एकदा डोळ्याखालून घालावंच लागतं. दाव्याच्या कागदात नावाची वेलांटी बदलली तर तारीख पडते, थट्टा नाही.

दुसऱ्याच्या डॉक्स, म्हणजे वर्डच्या .docx फाइली, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो. साधं पत्र, अर्ज, करार, काही अडचण नाही. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया फॉन्ट नसले तर त्यांच्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया सोबत येतात, त्यामुळे ओळी त्याच जागी तुटतात. फसतं कुठे तर टेंडरच्या कागदात, जिथे टेबलात टेबल, त्यात टेक्स्ट बॉक्स आणि वर तिरका शिक्का असतो. अशा फाइली मी ओन्लीऑफिसमध्ये उघडते, डेस्कटॉप आवृत्ती फुकट आहे आणि तिचं मूळ काम डॉक्स आणि एक्सेलच्या एक्सएलएसएक्समध्येच चालतं, म्हणून मांडणी कमी हलते. स्वतःची फाइल लिब्रेत ओडीटी (लिब्रेचा स्वतःचा फाइल प्रकार) करून ठेवायची, परत जाणारी फाइल ओन्लीऑफिसमध्ये, आणि फक्त वाचायला जाणारी सरळ पीडीएफ. ही वाटणी ठरल्यापासून दुकानात 'काकू, मांडणी बिघडली' हे ऐकायला येणं जवळजवळ थांबलं.

डब्ल्यूपीएस ऑफिस पण चालवून बघितलं, दिसायला ओळखीचं आहे पण फुकट आवृत्तीत जाहिराती असतात, गिऱ्हाइकाच्या आधारकार्डाशेजारी जाहिरात नको म्हणून काढलं. गूगल डॉक्स चांगलं आहे, पण आमच्याकडे लाइट गेली की नेट जातं आणि बाहेर रांग असते.

आणि हो, ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिस एकच समजू नका. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून बरीच मंडळी बाहेर पडली आणि लिब्रेऑफिस सुरू झालं, पुढचं बहुतेक काम तिकडेच होत गेलं. अपाचे ओपनऑफिस अजून मिळतं पण त्यातून डॉक्स सेव्हच करता येत नाही. लोक जुन्या नावाने शोधून तेच उतरवतात आणि मग फुकटचं भंगार असतं म्हणून सांगत फिरतात.

एका पतसंस्थेच्या थकबाकीच्या नोटिसा आमच्याकडे येतात, शेकड्याने. मेल मर्ज, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावं-आकडे आपोआप भरणं, लिब्रेत आहे पण बसवायला किचकट आहे, आधी यादीची शीट डेटा सोर्स म्हणून नोंदवावी लागते, मग कंट्रोल+शिफ्ट+एफ फोर दाबून वरची पट्टी उघडायची आणि रकान्यांची नावं ओढून पत्रात सोडायची. शीट दुसऱ्या फोल्डरला हलवली की नातं तुटतं. पण एकदा बसलं की प्रत्येक नोटीस वेगळी पीडीएफ होऊन पडते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला बरी. आकड्यांना भाषा इंग्लिश-इंडिया दिली की लाखाचे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतात.

त्यांचीच ती शीट, यादी छोटी पण फाइल केवढी मोठी, उघडायलाच मिनिट. कुणी म्हणालं रॅम वाढवा. कंट्रोल+एंड दाबलं तर कर्सर थेट 10,48,576 व्या ओळीला, म्हणजे शीटच्या तळाला, कुणीतरी अख्ख्या कॉलमला बॉर्डर-रंग दिलेला. यादीखालच्या सगळ्या ओळी सिलेक्ट करून डिलीट (नुसतं कीबोर्डचं डिलीट बटण नाही, राइट क्लिक करून ओळी डिलीट), सेव्ह, फाइल जागेवर आली. एक्सएलएसएक्स आणि डॉक्स या मुळात झिप फाइली असतात, कॉपी करून नाव बदलून झिप करा आणि उघडून बघा, आत मीडिया फोल्डरमध्ये बहुतेक वेळा मोबाईलने काढलेला लेटरहेडचा पाच-सहा एमबीचा फोटो सापडतो. तो चित्रावर राइट क्लिक करून कॉम्प्रेसने लहान करायचा. सूत्रांमध्ये ऑफसेट, इनडायरेक्ट आणि टुडे ढिगाने असतील तर प्रत्येक बदलाला ती आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली सूत्रं परत गणित करतात, ती कमी करा. सॉफ्टवेअर जड म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी मी तर बघितलंय फाइलच्याच असतात. उरलेल्यांमध्ये अ‍ॅड-इन, म्हणजे ऑफिसला चिकटलेली जादा छोटी सॉफ्टवेअरं. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली कॉम अ‍ॅड-इन्स, गो, आणि जे ओळखत नाही त्याची टिक काढा. खात्री करायची असेल तर रन मध्ये विनवर्ड स्लॅश सेफ टाइप करून उघडा, तसं पटकन उघडलं तर दोषी तिथेच आहे.

पीडीएफचं सांगायचं तर सुमात्रा पीडीएफने माझा जीव वाचवलाय. एवढंसं आहे, इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून पण चालतं, डबल क्लिक केलं की उघडलं, ना लॉगिन ना जाहिरात. पण फॉर्म भरता येत नाही आणि डिजिटल सही तपासता येत नाही. सातबारा किंवा ई-आधारवरचं पिवळं प्रश्नचिन्ह हिरवं करून प्रिंट द्या असं रोज कुणीतरी म्हणतंच, त्यासाठी मोठा रीडर एका मशीनवर ठेवलाय, तेवढ्यापुरताच उघडते.

स्कॅनला नॅप्स-टू. स्कॅनरसोबत येणारी ती भलीमोठी कंपनीची सॉफ्टवेअरं काढून टाका, ड्रायव्हर तेवढा ठेवा. नॅप्स-टू मध्ये पानं पुढेमागे करता येतात, वाकडं पान सरळ होतं, आणि टेसरॅक्टची (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) मराठी भाषा उतरवली की स्कॅनमधला मजकूर शोधता येतो. छापील मजकूर बराच बरोबर येतो, हस्ताक्षराची अपेक्षा ठेवू नका. सरकारी साइटवर कुठे दोनशे केबी, कुठे पाचशे केबीची मर्यादा असते, तिथे सुरुवातीलाच दीडशे-दोनशे डीपीआय ग्रे मध्ये स्कॅन केलं तर नंतर दाबत बसावं लागत नाही. तरीही फाइल मोठी झाली तर पीडीएफ लहान करायला घोस्टस्क्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर, त्याची ईबुक सेटिंग चित्रं दीडशे डीपीआयवर आणते. कमांड लिहून घ्यावी लागते, भाच्याने एकदा बॅच फाइल करून दिली, आता फाइल तिच्यावर ओढून टाकली की झालं. लोकांची आधार-पॅन कुठल्यातरी अनोळखी साइटवर चढवून लहान करणं मला पटत नाही, शेजारपाजारची दुकानं सर्रास करतात.

भाड्याचं ऑफिस एका मशीनवर अजून आहे. एका सीएसाहेबांच्या मॅक्रोवाल्या (आत आपोआप चालणाऱ्या कमांड लिहिलेल्या) शीट लिब्रेत अर्ध्या चालतात अर्ध्या नाही, आणि त्यांचं काम सोडण्यापेक्षा एक भाडं परवडतं. बाकी मशीनवर परत जायचा विचार नाही. हाताखालच्या पोराला वर्डमधल्या वरच्या टॅबवाल्या पट्टीची, रिबनची, सवय होती, त्याला व्ह्यू, युझर इंटरफेस मधून टॅब्डवाला देखावा लावून दिला, तो कुरकुरायचा थांबला. बदलणार असाल तर जुनं लगेच काढू नका, दोन्ही शेजारी ठेवा, आणि सगळ्यात आधी ऑप्शन्समध्ये लोड-सेव्ह मध्ये जाऊन नेहमीचं सेव्ह डॉक्समध्ये ठेवायचं की ओडीटीत ते ठरवून टाका, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन परत येतं, 'काकू, घरी उघडतच नाहीये'.