वॉर्डात आधी काय करायचं, चित्रं की लाईट-आवाजाचं काम?

हॉस्पिटलचं रिनोव्हेशन काढलंय आणि पैसे दोन्हीला पुरत नाहीयेत, असं असेल तर कुणाचंही कोटेशन मागवायच्या आधी वॉर्डातल्या कॉटवर दहा मिनिटं उताणं झोपून बघा. पेशंटला दिवसभर दिसतं ते छत आणि डोळ्यांवर येणारी ट्यूबलाईट, आणि आपण चित्रं लावतो रिसेप्शनला.

फिनलंडमधलं पायमिओ सॅनेटोरियम, म्हणजे टीबीच्या पेशंटचं हॉस्पिटल, १९३३ मध्ये सुरू झालं, तिथे आर्किटेक्ट आल्वार आल्टोने झोपलेल्या माणसाच्या नजरेने खोली बांधली: छताला गडद हिरवट रंग, दिवा डोळ्यांवर येणार नाही अशा जागी, आणि बेसिनचा उतार असा की पाणी पडताना आवाज होऊ नये, कारण बाजूच्या बेडवर दुसरा कुणीतरी झोपलेला असतो. ह्या कामाचा फायदा प्रत्येक पेशंटला मिळतो, तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. त्रास एवढाच की तोडफोड, धूळ, आणि वॉर्ड रिकामा करावा लागतो.

चित्रं एका दिवसात लागतात, नाही आवडली तर बदलता येतात, पण कुठली लावायची तिथेच लोक चुकतात. माझी आई आयसीयूतून बाहेर आली तेव्हा बेडसमोर लाल-काळ्या फटकाऱ्यांचं मॉडर्न पेंटिंग होतं, तिने पहिल्याच दिवशी ते काढायला सांगितलं. तेव्हा मला वाटलं हिची आवड वेगळी आहे, नंतर स्वीडनमधल्या उप्सालाचा अभ्यास वाचला, ओपन हार्ट सर्जरी झालेल्यांसमोर पाणी-झाडांचं चित्र होतं तेव्हा अस्वस्थता कमी दिसली, सरळ रेषांचं अमूर्त चित्र असलेल्यांची मात्र चित्र नसलेल्यांपेक्षाही जास्त होती. म्हणून अमूर्त चित्रं लॉबीत खुशाल लावा, पण बेडसमोर नको. फ्रेम काचेची नको, अ‍ॅक्रिलिकची घ्या, पुसता येते.

माझ्या मते वॉर्ड रिकामा करणं शक्य असेल तर आधी लाईट आणि आवाज, नसेल तर चित्रं. आणि खिडकीबाहेर एखादं झाड असेल तर तेही मोजा. रॉजर उलरिच ह्या अमेरिकन संशोधकाच्या १९८४ च्या अभ्यासात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले २३ पेशंट झाड दिसणाऱ्या खोलीत होते आणि २३ विटांची भिंत दिसणाऱ्या, झाडवाले लवकर घरी गेले आणि त्यांना कडक पेनकिलर कमी लागली. त्यामुळे ऑक्सिजनचा पॉइंट परवानगी देत असेल तर कॉट खिडकीकडे फिरवून बघा, चित्राची भिंत त्यानंतर ठरवा.