धुळीवर पाण्याचा फवारा: माल भिजवायचा की हवेतली धूळ पकडायची?

खडीचा क्रशर असो, कोळशाचा बेल्ट असो की वाळूची चाळणी, फवारा बसवायचं ठरलं की पहिली चौकशी पंपाची होते. किती हॉर्सपॉवरचा, किती बार दाबाचा? खरं तर पंप सगळ्यात शेवटी ठरतो. त्याआधी ठरवायचं ते असं: धूळ उडण्याआधीच तिला मालात बसवून ठेवायची, की उडालेली धूळ हवेत गाठायची? या दोन कामांना लागणारं पाणी वीस-वीस पटीने वेगळं असतं. दोन्ही एकाच पंपावर भागवायला गेलं की एक तरी काम फसतंच.

पहिल्या पद्धतीत थेंब मोठा लागतो, साधारण २०० ते ५०० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो मालावर पडून पृष्ठभाग ओला करतो आणि बारीक कण मोठ्या दगडाला चिकटून राहतात. दुसरीत थेंब धुळीच्या कणाच्या जवळपासच्या आकाराचा हवा, म्हणजे १० ते ५० मायक्रॉनचा. मोठा थेंब हवेतून जाताना त्याच्याभोवती हवेचा प्रवाह वळतो आणि ५-१० मायक्रॉनचा कण त्या प्रवाहाबरोबर बाजूने निघून जातो. फुप्फुसात खोल जाणारी धूळ तर याहूनही बारीक असल्यामुळे, उडालेल्या धुळीवर जाड धार मारून बाकी काही नाही तरी चिखल नक्की होतो.

आता आकडे. ताशी २०० टन माल जाणारा बेल्ट घेऊ. भिजवण्यासाठी वजनाच्या साधारण अर्धा ते दीड टक्का पाणी लागतं. एक टक्का धरला तर ताशी २,००० लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३ लिटर. ३ बारला ३ लिटर देणारं नोझल (फवाऱ्याची तोटी) घेतलं तर ११ नोझल झाली. त्यांची भोकं साधारण २ मिलिमीटरची असतात.

दुसऱ्या, म्हणजे बारीक थेंबांच्या धुक्याच्या पद्धतीत हाच हिशोब ०.०५ टक्क्यावर येतो: ताशी १०० लिटर, मिनिटाला जेमतेम १.७. ७० बारला ०.२ मिलिमीटर भोकाचं नोझल मिनिटाला साधारण ०.१३ लिटर देतं, म्हणजे १३ नोझल. गंमत अशी, की पाण्यात घालावी लागणारी शक्ती दोन्हीकडे जवळपास सारखीच येते, सुमारे २०० वॉट. एकीकडे पाणी जास्त, दाब कमी, दुसरीकडे उलटं. विजेचं बिल फुगतं ते हवेच्या दाबाने पाणी फोडणारी नोझल घेतली तर, कारण मिनिटाला एक घनमीटर हवा ७ बारला दाबायलाच ६ ते ७ किलोवॉट लागतात. मात्र त्या नोझलची भोकं मोठी असतात आणि ती कमी तुंबतात. पाणी बरं नसेल तर हा खर्च परवडतो.

पाणी ही धुक्याची खरी दुखरी नस. ०.२ मिलिमीटरच्या भोकात क्षार साचायला वेळ लागत नाही. मऊ केलेलं, बारीक गाळलेलं पाणीच लागतं. पुन्हा वापरलेलं किंवा टाकीत कोमट होऊन पडलेलं पाणी धुक्यात वापरू नका, त्यात वाढलेले जंतू थेट श्वासात जातात. भिजवणारी नोझल त्या मानाने सोशिक असतात. गाळणीची जाळी भोकाच्या चौथाईपेक्षा बारीक ठेवली की साधं स्वच्छ पाणी चालतं.

दुसरी अडचण उघड्या हवेची. ३० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर २० मायक्रॉनचा थेंब एका सेकंदाच्या आत सुकून जातो. १०० मायक्रॉनचा सुमारे १६ सेकंद टिकतो. त्यामुळे उघड्यावरच्या ढिगाला धुकं घालण्यात अर्थ नाही. माल ओतायचा झाकलेला हॉपर, माल खाली सोडणारी शूट, माल एका बेल्टवरून दुसऱ्यावर पडतो तो रबरी पडदे लावलेला ट्रान्सफर पॉइंट अशाच जागी ते काम करतं. माझ्या मते झाकण घालायची तयारी नसेल तर धुक्याचा विषयच काढू नये. झाकलेल्या जागेतही दाब जपून वाढवावा. जास्त दाबाचे फवारे हवाही जोरात ढकलतात आणि पकडायची धूळ फटींतून बाहेर येते.

मग भिजवणंच बरं? कुठला माल आहे त्यावर ते ठरतं. सिमेंट आणि कळीचा चुना यांना पाणी लावायचंच नाही. चुन्यात तर उष्णता निर्माण होते. तिथे धूळ ओढून घेणारी कोरडी यंत्रणाच हवी. बारीक चाळणी असेल तर ओल्या मालाने भोकं बुजतात आणि उत्पादन घटतं. कोळशात एक टक्का जादा पाणी म्हणजे टनामागे १० किलो, आणि तेवढी वाफ करायला भट्टीतली सुमारे २५ मेगाज्यूल उष्णता जाते. शिवाय कोळसा पाण्याला जवळ करत नाही, थेंब त्यावर गोळा होऊन घरंगळतो. पाण्यात ओलावा पसरवणारं रसायन घातलं की तेवढंच काम कमी पाण्यात होतं.

खडीच्या बाबतीत मी तरी भिजवण्यापासूनच सुरुवात करीन, पण सगळं पाणी एकाच जागी ओतणार नाही. क्रशरमध्ये दगड फुटला की आतले कोरडे पृष्ठभाग उघडे पडतात. म्हणून थोडं पाणी क्रशरच्या आधी आणि थोडं फुटल्यानंतर. शूटच्या तोंडाशी, माल पडता पडता उलटतो तिथे मारलेलं पाणी आतपर्यंत पोचतं; बेल्टवरच्या शांत थरावर मारलं तर फक्त वरचा कातडा ओला होतो. बेल्ट रिकामा असताना पाणी आपोआप बंद व्हायला हवं, नाहीतर रोलरखाली राडा.

आता पंप. नोझलमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. ३ बारचे ६ केले तर ३३ लिटरचे ४७ होतात, ६६ नाही. दुप्पट पाण्यासाठी १२ बार लागतील. पाणी कमी पडतंय म्हणून दाब वाढवणं महाग पडतं. एखादं नोझल वाढवा किंवा मोठं घ्या. दाब मोजायचा तो नोझलपाशी, पंपापाशी नव्हे, कारण मधल्या पाइपात तो बराच घटतो. प्रवाहात १५-२० टक्के वाव ठेवला की पुरे, कारण वापराने भोकं झिजून तीच जास्त पाणी प्यायला लागतात.

कोटेशन मागवण्याआधी एक साधी चाचणी करा. २० किलो कोरडा माल घमेल्यात घ्या, १०० मिलिलिटर पाणी शिंपडून उलथापालथ करा आणि मीटरभर उंचीवरून खाली टाका. हा झाला अर्धा टक्का. धूळ उठली तर आणखी १०० मिलिलिटर घालून पुन्हा टाकून बघा. अर्ध्या टक्क्यातच धूळ बसली तर वरच्या उदाहरणातला पंप निम्म्यावर येतो. आणि एक टक्क्याला माल घमेल्याला चिकटायला लागला, तरी धूळ उठतेच आहे असं दिसलं, तर झाकण आणि धुकं यांचा खर्च मांडायला घ्या.