पिंक प्रिन्सेस घेताना आधी खोड बघा
नागपूरच्या नर्सरीत गुलाबी फिलोडेंड्रॉन (घरात ठेवायचं शोभेच्या पानांचं झाड) दिसलं की लगेच पैसे काढू नका. त्यातल्या पिंक प्रिन्सेस जातीच्या काळपट-हिरव्या पानांवर गुलाबी शिंतोडे असतात. खोडावरही गुलाबी रेघ हवीच. सलग तीन-चार पानं नुसती हिरवी आली, तर शेवटच्या रंगीत पानाच्या पेराच्या जरा वर छाटा, म्हणजे फुटवा रंगीत येण्याची आशा. पूर्ण गुलाबी पानात हरितद्रव्य नसतं, ते लवकर करपतं. पिंक काँगो ही दुसरी गुलाबी जात मात्र घेऊच नका! तो रंग रसायनाचा, काही महिन्यांत झाड हिरवं होतं. फिलोडेंड्रॉनच्याच बिर्किन जातीच्या पानांवरच्या बारीक पांढऱ्या रेघा फार देखण्या, निगाही सोपी. मे महिन्यात कुंडी कुलरच्या झोतात ठेवू नका, पानांच्या कडा वाळतात. माती कमीच, दोन वाटे कोकोपीटला (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक वाटा परलाइट (हलके पांढरे खडे) पुरे.