कोणता 'सुपरमॅन टू', कोणता 'जस्टिस लीग'? दिग्दर्शकाचा की स्टुडिओचा?

'सुपरमॅन टू' दोन आहेत आणि 'जस्टिस लीग'ही दोन. नट तेच, गोष्टीचा सांगाडा तोच. पण प्रत्येक जोडीतली एक आवृत्ती मूळ दिग्दर्शक नसताना पुरी करून थिएटरात लावलेली आहे, आणि दुसरी काही वर्षांनी त्याच दिग्दर्शकाच्या नावानं बाहेर आलेली. परवा भाच्यानं विचारलं, "मावशी, शनिवार-रविवार मोकळा आहे, यातलं कुठलं पाहू?" त्याला वाटलं होतं, मी एका वाक्यात "दिग्दर्शकाचं पाहा" म्हणून मोकळी होईन. मला तसं म्हणता येईना. एका जोडीबद्दल मी नक्की तेच म्हणेन. दुसरीबद्दल मात्र नेमकं उलट.

आधी भांडणं कशावरून झाली ते पाहू, कारण निवड करताना ते उपयोगी पडतं.

१९७७ मध्ये रिचर्ड डॉनर इंग्लंडमध्ये 'सुपरमॅन'चे दोन भाग एकदमच चित्रित करत होता. निर्माते होते अलेक्झांडर आणि इल्या साल्किंड हे बापलेक, आणि त्यांच्यासोबत पिअर स्पेंग्लर. साल्किंडांना एका चित्रीकरणात दोन चित्रपट उरकायची सवय होती. 'थ्री मस्केटीअर्स'च्या वेळी नटांना वाटत होतं आपण एका चित्रपटात काम करतोय, प्रत्यक्षात निघाले दोन, आणि प्रकरण कोर्टात गेलं. 'सुपरमॅन'च्या वेळी दोन चित्रपट होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी खर्च फुगला, वेळापत्रक कोलमडलं. निर्माते आणि दिग्दर्शक यांचं इतकं फाटलं की निरोप पोचवायला रिचर्ड लेस्टरला मध्ये आणावं लागलं. हा लेस्टर म्हणजे त्या 'मस्केटीअर्स'चाच दिग्दर्शक. दुसऱ्या भागाचं सुमारे तीन चतुर्थांश काम झालं होतं, ते तसंच ठेवून आधी पहिला भाग पुरा केला गेला. डिसेंबर १९७८ मध्ये तो आला आणि तुफान चालला. त्यानंतर डॉनरला काढलं आणि उरलेलं काम लेस्टरकडे गेलं. इथलं भांडण पैशाचं, वेळेचं आणि माणसांच्या स्वभावाचं. चित्रपट कसा असावा याबद्दलचे मतभेदही होतेच, डॉनर गंभीर आणि निर्माते थट्टेखोर, पण ते दुय्यम.

'जस्टिस लीग'चं तसं नव्हतं. तिथं स्टुडिओला धसका बसला होता. मार्च २०१६ मध्ये झॅक स्नायडरचा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' आला. त्यानं ८७ कोटी डॉलरच्या आसपास कमावले खरे, पण समीक्षकांनी सोलून काढला: फार काळा, फार जड, हसणंच नाही. वॉर्नर स्टुडिओला घाई झाली की पुढचा चित्रपट हलकाफुलका हवा आणि दोन तासांच्या आत हवा. 'ॲव्हेंजर्स'वाल्या जॉस व्हीडनला जादा प्रसंग लिहायला बोलावलं. मे २०१७ मध्ये स्नायडरनं काम सोडल्याचं जाहीर झालं. त्याच्या मुलीचं त्याआधी दोन महिन्यांपूर्वी निधन झालं होतं. पुढचं सगळं पुनर्चित्रीकरण व्हीडननं केलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये चित्रपट लागला, दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव मात्र एकट्या स्नायडरचं.

म्हणजे एकीकडे दिग्दर्शकाला हाकलला, दुसरीकडे तो दुःखानं बाजूला झाला आणि मागं राहिलेल्यांनी चित्रपट दुसऱ्याच साच्यात ओतला. पण तुमच्या निवडीसाठी याहून महत्त्वाचा फरक वेगळा आहे. स्नायडरनं त्याचा चित्रपट चित्रित करून संपवला होता. डॉनरनं नव्हता संपवला. पुढचं सगळं मी यावरच तोलणार आहे.

'जस्टिस लीग': दोन तास की चार?

२०१७ ची आवृत्ती १२० मिनिटांची. मी ती थिएटरात पाहिली, आणि पहिल्याच मिनिटाला काहीतरी बिनसलंय हे कळलं. लहान मुलं मोबाइलवर सुपरमॅनची मुलाखत घेताहेत आणि त्याचा वरचा ओठ रबरासारखा हलतोय. कारण आता जगजाहीर आहे. पुनर्चित्रीकरणाच्या वेळी हेन्री कॅव्हिलनं दुसऱ्या चित्रपटासाठी, 'मिशन इम्पॉसिबल'साठी, मिशी ठेवली होती. त्या चित्रपटाच्या पॅरामाउंट स्टुडिओनं ती काढू दिली नाही, म्हणून संगणकावर पुसली. अख्ख्या चित्रपटाचं तसंच झालंय. कुणाच्या तरी तोंडावरून काहीतरी पुसून वर हसू चिकटवल्यासारखं. फ्लॅश वंडर वुमनच्या अंगावर पडतो हा विनोद, शेवटच्या लढाईच्या मधोमध घुसवलेलं एक रशियन कुटुंब, एका दृश्यात गडद आणि पुढच्यात भडक रंग. संगीतकारही बदलला: टॉम होल्केनबोर्गच्या जागी डॅनी एल्फमन आला.

तरी एक मान्य करायला हवं. ही आवृत्ती समजते. कोण कुठून आला, कशासाठी भांडतोय हे पटापट कळतं, आणि मध्यंतराला घेतलेला समोसा संपेपर्यंत सगळे नायक एकत्र आलेले असतात. घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील आणि जेवणाआधी संपवायचा असेल, तर हाच लावा. मुलांना ओठ दिसत नाही. मी लावून पाहिलंय.

१८ मार्च २०२१ ला आलेला स्नायडरचा चित्रपट २४२ मिनिटांचा आहे. सहा प्रकरणं आणि वर उपसंहार. चित्रचौकट जुन्या टीव्हीसारखी, जवळजवळ चौकोनी, कारण त्याच्या डोक्यात आयमॅक्सचा उंच पडदा होता. अमेरिकेत याला मोठ्यांसाठीचा दर्जा मिळाला: रक्त आहे, शिव्या आहेत. होल्केनबोर्गचं संगीत परत आलं. आणि मुख्य म्हणजे सायबॉर्ग परत आला.

दोन आवृत्त्यांतला खरा फरक एका पात्रात पाहायचा असेल तर व्हिक्टर स्टोनमध्ये, म्हणजे सायबॉर्गमध्ये, पाहा. २०१७ मध्ये तो कोपऱ्यात उभा राहून यंत्रांबद्दल माहिती देणारा माणूस आहे. २०२१ मध्ये त्याचं फुटबॉल, त्याचा अपघात, त्याची आई, आणि ज्यानं त्याला जगवण्यासाठी अर्धं यंत्र केलं त्या बापावरचा राग, सगळं आहे. बाप सायलस पहिल्या आवृत्तीत जिवंत राहतो, दुसरीत पोराच्या डोळ्यांदेखत मरतो, आणि शेवट त्याच मरणावर उभा आहे. हे काढून टाकल्यावर गोष्टीत हाती लागणारं काही उरत नाही, फक्त मारामारी उरते. हे पात्र करणाऱ्या रे फिशरनं २०२० मध्ये व्हीडनवर सेटवरच्या वागणुकीबद्दल जाहीर आरोप केले. स्टुडिओनं चौकशी करून डिसेंबरमध्ये 'सुधारात्मक कारवाई' झाल्याचं सांगितलं, पण ती काय ते सांगितलं नाही. व्हीडननं नंतर आरोप फेटाळले. त्या वादात कोण किती खरं ते मी ठरवणार नाही. पडद्यावरून काय गेलं होतं ते मात्र दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की दिसतं.

चार तास म्हणजे खूप, हे कबूल. आपल्याकडे संगीत नाटकं रात्रभर चालायची आणि लोक 'वन्स मोअर' घ्यायचे, पण तिथं निदान गाणी तशी होती. इथं आइसलँडच्या बायका समुद्रात शिरलेल्या ॲक्वामॅनच्या पाठीमागं गातात आणि एक जण त्याचा स्वेटर हुंगते. संथ गतीतली दृश्यं वेगानं दाखवली तर बराच वेळ वाचेल असा माझा अंदाज आहे. उपसंहारातलं भविष्याचं स्वप्न तर पुढे कधी न निघालेल्या चित्रपटाची जाहिरात आहे. तरीही हा चित्रपट एका माणसाच्या डोक्यातून आलेला आहे. लांबण त्याची, आणि झपाटलेपणही त्याचंच.

यात चाहत्यांचा विजय किती? त्यांनी 'स्नायडरची आवृत्ती दाखवा' असा तीन वर्षं गजर केला, आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्या संस्थेसाठी पाच लाख डॉलरहून जास्त जमवले, हे मोठंच. २०२२ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या एका वृत्तात मोहिमेतली किमान १३ टक्के खाती बनावट असल्याचंही आलं होतं. पण स्टुडिओ विरघळला केव्हा ते पाहा. घोषणा २० मे २०२० ची, आणि वॉर्नरची एचबीओ मॅक्स ही घरबसल्या ऑनलाइन चित्रपट दाखवणारी सेवा सुरू झाली २७ मे रोजी. नव्या दुकानाला पाटीवर लावायला काहीतरी हवंच होतं. थिएटरसाठी स्नायडरला चार तास कुणी दिलेच नसते, म्हणजे २०१७ मध्ये तो असता तरी हा चित्रपट असा झाला नसता. भांडण हरल्यामुळेच त्याला ही लांबी मिळाली, अशी गंमत आहे.

माझं मत: स्नायडरचा पाहा. एका बैठकीत नको. तीन प्रकरणं शनिवारी, तीन रविवारी.

'सुपरमॅन टू': इथं मात्र थांबा

इथंही पहिला मोह दिग्दर्शकाकडे झुकायचाच होतो. अन्याय झाला तो त्याच्यावर. नोव्हेंबर २००६ मध्ये डॉनरची आवृत्ती आली, ११६ मिनिटांची, डिस्कवर. त्याच वर्षी थिएटरात नवा 'सुपरमॅन रिटर्न्स' लागला होता, तेव्हा मुहूर्त कुणी काढला हे सांगायला नको.

यात जे मिळतं ते अनमोल आहे: सुपरमॅनच्या बापाच्या भूमिकेतला मार्लन ब्रँडो. पहिल्या भागासाठी त्याला सुमारे ३७ लाख डॉलर आणि वर उत्पन्नात हिस्सा ठरला होता. दुसऱ्या भागातही तो दिसला तर पुन्हा हिस्सा द्यावा लागणार, म्हणून निर्मात्यांनी त्याची चित्रित झालेली दृश्यं गाळून टाकली आणि बापाचे संवाद आईच्या, सुझाना यॉर्कच्या, तोंडी घातले. लेस्टरच्या आवृत्तीत प्रेमासाठी शक्ती सोडून दिलेला सुपरमॅन ती परत कशी मिळवतो? एक हिरवा स्फटिक सापडतो, बस्स. डॉनरकडे बाप आपलं उरलंसुरलं अस्तित्व मुलात ओततो आणि कायमचा नाहीसा होतो. हे पाहिलं की लेस्टरच्या चित्रपटात मधोमध केवढं भोक होतं ते कळतं. खलनायक सुटतात तेही इथं नीट जुळतं: पहिल्या भागात सुपरमॅननं अंतराळात भिरकावलेल्या क्षेपणास्त्रानं त्यांचा तुरुंग फुटतो. लेस्टरनं त्यासाठी आयफेल टॉवर, अतिरेकी आणि हायड्रोजन बॉम्ब असा वेगळाच संसार मांडला.

मग हरकत कुठं आहे? चित्रपट अपुरा आहे, ही हरकत. क्लार्क हाच सुपरमॅन हे त्याची सहकारी पत्रकार लोइस पिस्तूल झाडून सिद्ध करते, तो प्रसंग डॉनरनं चित्रितच केला नव्हता. म्हणून तिथं क्रिस्टोफर रीव्ह आणि मार्गो किडर यांच्या निवडचाचण्यांची फिल्म जोडून लावलीय. कल्पना फक्कड, दोघंही अफलातून, पण रीव्हचे केस, चष्मा, अंगकाठी शॉटगणिक बदलतात. काही ठिकाणी लेस्टरचीच दृश्यं घ्यावी लागली. आणि शेवट! पृथ्वीभोवती फिरून काळ मागं नेण्याची युक्ती मुळात दुसऱ्या भागासाठी राखलेली होती, ती पहिल्या भागात वापरून झाली. तरी डॉनरच्या आवृत्तीत पुन्हा तीच येते. काळ मागं गेला म्हणजे काही घडलंच नाही. मग शक्ती गेलेली असताना ज्यानं आपल्याला ढाब्यावर मारलं त्या दांडगटाला क्लार्क परत जाऊन चोपतो ते कशाबद्दल? त्या बिचाऱ्यानं अजून काही केलेलंच नसतं.

लेस्टरच्या आवृत्तीत ठिगळं नाहीत असं नाही. जीन हॅकमन पुनर्चित्रीकरणाला आलाच नाही, म्हणून काही ठिकाणी पाठमोरा बदली माणूस आणि नक्कल केलेला आवाज आहे. मेट्रोपोलिसच्या लढाईत वादळी वारा सुटल्यावर लेस्टर विनोदांची रांग लावतो, ती मला आजही खटकते. सुपरमॅन छातीवरचा 'एस' सेलोफेनसारखा काढून फेकतो त्याबद्दल न बोललेलं बरं. पण गोष्ट सुरू होते, चढते, संपते. नायगारावरच्या हॉटेलात क्लार्क अडखळतो, हात शेकोटीत जातो आणि भाजत नाही, हा साधा प्रसंग पिस्तुलाच्या प्रसंगाइतका चतुर नसेल, पण पुरा आहे. १९८० च्या अखेरीस काही देशांत आणि जून १९८१ मध्ये अमेरिकेत लोकांनी पाहिला आणि डोक्यावर घेतला तो हा चित्रपट. टेरेन्स स्टँपचा खलनायक जनरल झॉड दोन्हीकडे सारखाच थंड आणि सारखाच भारी.

म्हणून इथं पहिल्यांदा पाहणाऱ्यानं लेस्टरचा पाहावा. डॉनरचा चित्रपट म्हणजे कलावंताच्या टिपणवहीसारखा आहे. मूळ गोष्ट माहीत असेल तर वाचताना अंगावर काटा येतो, नसेल तर ती नुसती टिपणं.

जिथं निवडच नाही

बहुतेक वेळा अशी दुसरी आवृत्ती नसतेच, हेही ध्यानात असू द्या. एडगर राइट वर्षानुवर्षं 'अँट-मॅन'वर काम करून मे २०१४ मध्ये बाहेर पडला. पटकथेत त्याचं नाव आहे, पण त्याची म्हणावी अशी आवृत्ती कुठं ठेवलेली नाही, कारण चित्रपटाचं मुख्य चित्रीकरणच सुरू झालं नव्हतं. जॉश ट्रँकनं २०१५ मध्ये 'फँटास्टिक फोर' लागायच्या तोंडावर, आपली आवृत्ती वर्षापूर्वी झकास होती असं ट्विट केलं आणि लगेच पुसलं. ती कुणाला दिसलेली नाही. थिएटरातल्या आवृत्तीत केट माराचा टोप मात्र स्पष्ट दिसतो. 'बॅटगर्ल'चं तर ऑगस्ट २०२२ मध्ये जवळपास तयार असतानाच विसर्जन झालं. स्टुडिओनं तो हिशेबात तोटा म्हणून दाखवला.

तेव्हा भाच्याला मी लिहून पाठवलं ते असं. पहिल्या शनिवार-रविवारी स्नायडरचे चार तास, दोन हप्त्यांत. २०१७ चा सोडून दे, फार तर त्या ओठासाठी पहिला मिनिट पाहा. पुढच्या शनिवारी १९७८ चा 'सुपरमॅन' आणि रविवारी लेस्टरचा 'सुपरमॅन टू'. तो आवडला तरच डॉनरचा लाव. पिस्तुलाचा प्रसंग आणि ब्रँडोचा शेवटचा प्रसंग दोनदा पाहा, आणि पृथ्वी उलटी फिरायला लागली की बंद कर.